नोकरी सांभाळून चित्रांच्या ऑर्डर घ्याव्यात का? ठरवण्याआधी करायची कामं

"ऑर्डर का घेत नाहीस गं?" हा प्रश्न चित्र काढणाऱ्या प्रत्येक नोकरदाराला कधी ना कधी ऐकावा लागतो. विचारणारा कौतुकानेच विचारतो. कधी ऑफिसातला सहकारी असतो, कधी शेजारच्या काकू. पण त्यांना दिसलेलं असतं ते तयार चित्र. ते पुरं करताना रात्री किती वाजले आणि दुसऱ्या दिवशी टेबलावर डोळे कसे चुरचुरत होते, हे त्यांना ठाऊक नसतं. म्हणून कौतुकाच्या भरात होकार देऊ नका. नोकरीतून उरलेले तास नेमके किती आणि ते दुसऱ्याच्या मर्जीप्रमाणे घालवायची आपली तयारी आहे का, या दोन प्रश्नांची उत्तरं आधी काढा. मी सांगलीत नोकरी करते आणि व्यक्तिचित्रांच्या ऑर्डर घेते, त्यामुळे उदाहरणं तिथलीच आहेत. भिंतचित्रं, डिजिटल चित्रं किंवा रंगमंचाचे पडदे करणाऱ्यांनाही यातलं बहुतेक लागू पडेल.

सुरुवातीलाच एक गल्लत दूर करायला हवी. नोकरीबरोबर कला जपणं वेगळं आणि नोकरीबरोबर ऑर्डर घेणं वेगळं. आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यात औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी संस्थानाचा कारभार सांभाळून स्वतः चित्रं काढत. त्यांनी उभारलेल्या संग्रहालयात आज राजा रविवर्म्यांची मूळ चित्रं बघायला मिळतात. इकडे किर्लोस्करवाडीत चित्रकलेचं शिक्षण घेतलेले शंकरराव किर्लोस्कर कारखान्याच्याच कामात रमले आणि १९२० साली तिथूनच त्यांनी मासिक सुरू केलं. पहिल्या वाटेत कला नोकरीच्या बाहेर राहते आणि कुणाचं देणं लागत नाही. दुसऱ्या वाटेत ती नोकरीतच मुरते. ऑर्डर ही तिसरी वाट. इथे संध्याकाळी घरी आल्यावर आणखी एक मालक वाट बघत असतो. तुम्हाला खरं तर पहिली किंवा दुसरी वाट हवी असेल, तर ती निवडण्यात काहीही कमीपणा नाही.

१. नेमणूकपत्र काढून वाचा

हे काम सगळ्यात आधी करायचं, कारण इथेच अडलं तर पुढचा हिशेब करायची गरजच नाही.

राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू आहेत. जिल्हा परिषदेत असाल तर १९६७ चे वर्तणूक नियम. अनुदानित खासगी शाळेतल्या शिक्षकांना १९८१ ची सेवाशर्ती नियमावली आहे. सरकारी सेवेच्या नियमांत खासगी व्यापार-व्यवसायाला पूर्वपरवानगी लागते. मात्र कामावर परिणाम होत नसेल, तर कधीमधी केलेल्या साहित्यिक किंवा कलात्मक कामाला सवलत आहे. महत्त्वाचा शब्द 'कधीमधी' हा. वर्षातून दोन चित्रं करून देणं आणि दरपत्रक लावून दर महिन्याला ऑर्डर घेणं, या दोन गोष्टींकडे खातं एकाच नजरेने बघणार नाही. नियमित करायचं असेल तर कार्यालयप्रमुखांना साधा अर्ज द्या, आवक क्रमांक घ्या आणि परवानगी लेखीच मागा. "साहेब काही म्हणणार नाहीत" याला अर्थ नाही, कारण साहेबांची बदली होते.

"बायकोच्या नावावर कर" किंवा "मिस्टरांच्या खात्यावर घे" हा सल्ला हमखास मिळतो. तो ऐकू नका. कुटुंबातली व्यक्ती व्यवसाय करत असेल तर सरकारी कर्मचाऱ्याला तेही कळवावं लागतं. दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. ज्यांची कामं तुमच्या टेबलावर येतात, अशा ठेकेदाराची किंवा अर्जदाराची ऑर्डर अजिबात घेऊ नका, मग दर कितीही रास्त असो. चित्राची किंमत ठरलेली नसते. त्यामुळे उद्या कुणी बोट दाखवलं तर ती लाच नव्हती हे तुम्ही कशाने दाखवणार?

खासगी नोकरीत 'कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय अन्य व्यवसाय करणार नाही' अशी ओळ नेमणूकपत्रात बऱ्याचदा असते. एचआरला मेल करून विचारा. तुम्ही डिझाइनचंच काम करत असाल तर कंपनीचा लॅपटॉप आणि सॉफ्टवेअर ऑर्डरसाठी वापरू नका. नोकरीचा भाग म्हणून काढलेल्या चित्राचे हक्क, वेगळा करार नसेल तर, मालकाचे असतात. त्यात तुमचं खासगी काम मिसळायला नको.

२. तास मोजा

एक नमुनाचित्र ऑर्डर आहे असं समजून काढा आणि मोबाइलवर वेळ लावा. फक्त पेन्सिल चालवल्याचा वेळ धरू नका. फोटो निवडणं, आखणी, स्कॅन, फ्रेमवाल्याकडे दोन खेपा, पॅकिंग आणि ग्राहकाशी होणारं बोलणं, हे सगळं धरा. ए-थ्री आकाराच्या पेन्सिल व्यक्तिचित्राला समजा सोळा तास लागले, तर वरची कामं धरून ते सहज वीस होतात.

आता आठवडा बघा. समजा तुम्ही विश्रामबागेत राहता आणि कुपवाड एमआयडीसीत कामाला आहात. घरी येऊन जेवण उरकून बसायला साडेआठ होतात. कागदावर रोजचे दोन तास दिसतील, पण पाच संध्याकाळींपैकी तीनच धरा. त्यात रविवारचे चार मिळवा. झाले दहा. यातून पाहुणे, आजारपण, गावाकडची जत्रा आणि मुलांच्या परीक्षा यांच्यासाठी एक तृतीयांश काढून ठेवा. हातात राहतात सात तास, म्हणजे वीस तासांचं एक चित्र तीन आठवड्यांना. वर्षाची सतरा होतात असं गणित सांगतं, पण दिवाळी, लग्नं आणि आर्थिक वर्षअखेर जाऊन बारा झाली तरी पुष्कळ.

शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांनी झोपेचे तास या हिशेबात अजिबात ओढू नयेत. रात्रपाळीनंतर दुपारी झोपायचं सोडून चित्राला बसायचं आणि पुन्हा मशीनवर उभं राहायचं, हे जिवावर बेतू शकतं. प्रेसवर किंवा लेथवर काम असेल तर सुट्टीच्या दिवसाचेच तास धरा. मग चित्र सहा आठवड्यांत होईल, तर होऊ दे.

३. दर ठरवा आणि वर्षाची रक्कम बघा

दर ठरवताना बरेच जण दुसऱ्याचं दरपत्रक बघतात. तुमचा पगार हा त्याहून चांगला आधार आहे. हातात येणाऱ्या पगाराला महिन्याच्या दोनशे तासांनी भागा. चोवीस हजार पगार असेल तर तासाला १२० रुपये. थकल्यानंतरचा तास त्याच भावात देऊ नये असं माझं ठाम मत आहे. निदान दीडपट धरा, म्हणजे १८० रुपये. वीस तासांचे ३,६०० झाले. कागद, पेन्सिली, फिक्सेटिव्ह (पेन्सिल पुसू नये म्हणून मारायचा फवारा) यांचे समजा ४०० धरून चार हजार. फ्रेम वेगळी आणि तिचा खर्च ग्राहकाचा.

खर्च वजा जाता बारा चित्रांचे वर्षाला ४३,२०० रुपये, म्हणजे महिन्याला ३,६००. हा आकडा मोठ्या अक्षरात लिहून घरात सगळ्यांना दाखवा. घराच्या हप्त्याला हातभार किंवा मुलीच्या क्लासची फी म्हणून तो मोलाचा असेल. पण ऑर्डरच्या जोरावर नोकरी सोडायचं स्वप्न असेल, तर ते या रकमेशी ताडून बघा.

"चार हजार? पेन्सिलचंच तर आहे," असं कुणीतरी म्हणेल. दर कमी करू नका, तास कमी करा. आकार ए-फोर करा, फक्त चेहरा आणि खांदे घ्या, पार्श्वभूमी कोरी सोडा. दहा तासांचं चित्र दहा तासांच्या पैशात द्या. एकदा वीस तासांचं काम दहाच्या भावात गेलं की तोच भाव गल्लीभर होतो.

नात्यातल्यांचं काय? "घरचंच आहे, त्याला काय लागतंय" हे वाक्य येणारच. वर्षाला किती चित्रं भेट म्हणून द्यायची हे आधीच ठरवा आणि ती मनापासून द्या. बाकीच्यांना, "मामा, यंदाची भेटीची चित्रं देऊन झाली. आता काढते ती ऑर्डरची. तुमच्यासाठी दर तोच, पण नंबर आधी लावते," असं सरळ सांगा. नात्यात सवलतीपेक्षा स्पष्टपणा बरा, कारण सवलत किती दिली ते दुसऱ्या नातेवाइकाला कळतंच.

४. एक ऑर्डर अगदी पहिल्या मेसेजपासून करून बघा

आपल्याला ऑर्डरचं काम झेपतं का, हे चित्र काढताना फारसं कळत नाही. ते ग्राहकाशी बोलताना कळतं.

आपल्याकडे सगळ्यात जास्त मागणी असते ती गेलेल्या माणसाच्या चित्राला. वर्षश्राद्ध जवळ आलेलं असतं, वडिलांचा धड एक फोटो नसतो. व्हॉट्सॲपवर येतो तो आधार कार्डावरून काढलेला फोटो, नाहीतर लग्नाच्या ग्रुप फोटोतून कापलेला चेहरा, नाकाच्या सावलीचे नुसते ठोकळे झालेले. सोबत मागण्या असतात. टोपी काढून फेटा बांधा, चष्मा नको, शेजारी आई पाहिजे, आणि दोघं एकाच वयाची दिसू देत. हल्ली तर एआयने आई-वडिलांना शेजारी बसवलेलं चित्रही पाठवतात. ते बघायला गुळगुळीत असतं, पण त्यातला चेहरा त्या माणसाचा राहिलेला नसतो. त्यावरून काढलंत तर घरातलं कुणीच ओळखणार नाही.

अशा वेळी पुढच्या क्रमाने जा. व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं, म्हणून 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. घरात कागदी फोटो असेल तर तो तुम्हीच स्कॅन करून आणा आणि मूळ प्रत त्याच दिवशी परत करा. दुसऱ्याचा एकुलता एक फोटो आपल्या घरात ठेवूच नये. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा तळमजल्यावरच्या कितीतरी घरांतले अल्बम गेले. निदान दोन-तीन फोटो मागा, एक समोरून आणि एक हसतानाचा. मग विचारा, "काका बोलताना कसे दिसायचे?" भुवई उचलायची सवय, एका बाजूने दाबलेले ओठ, मिशीची ठेवण, या गोष्टी फोटोत अर्धवट असतात आणि घरच्यांच्या बोलण्यात पुऱ्या सापडतात.

फोटो फारच अस्पष्ट असेल तर ऑर्डर नाकारा. "एवढ्यावरून मी काढलं तर ते माझ्या मनातलं होईल, तुमच्या वडिलांचं होणार नाही," असं सांगितलं की लोक समजून घेतात. कित्येकदा दुसऱ्या दिवशी ट्रंकेतून चांगला फोटो निघतो.

त्यानंतर आखणी झाली की तिचा फोटो पाठवून होकार घ्या. हा होकार घरातल्या एकाच माणसाने द्यायचा, हे सुरुवातीलाच ठरवा. तीन भावांना तीन वेगळे वडील आठवतात आणि तुम्ही मध्ये सापडता. आखणीच्या टप्प्यावर दोनदा बदल फुकट, छटा भरायला (शेडिंगला) सुरुवात झाल्यावर बदलाचे पैसे वेगळे. निम्मी रक्कम आगाऊ आणि उरलेली पूर्ण चित्राचा फोटो बघून, चित्र हातात देण्याआधी. हे सगळं एका मेसेजमध्ये लिहा. आकार, माध्यम, माणसं किती, तारीख, रक्कम, उचल, बदल किती, ऑर्डर रद्द झाली तर उचलीचं काय. समोरून 'मान्य' असं उत्तर आल्याशिवाय कागद कापू नका.

हे सगळं करताना तुम्हाला कसं वाटलं, ते नीट बघा. लोकांच्या आठवणीत असं शिरणं काहींना फार भावतं. एखाद्या मावशी फ्रेमसमोर उभ्या राहून "हे असंच बघायचे" म्हणाल्या की थकवा कुठल्या कुठे जातो. उलट काहींना या मागण्यांनी चित्राचाच वीट येतो. दोन्ही प्रतिक्रिया खऱ्या आहेत, आणि निर्णय बराचसा यावरच ठरतो.

५. हंगाम ओळखा

मागणी वर्षभर सारखी नसते. आपल्याकडे जुन्या पिढीतल्या खूप जणांची शाळेत नोंदवलेली जन्मतारीख १ जून असते. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. त्यामुळे ३१ मे रोजी निरोप समारंभांची रांग लागते आणि मे महिन्यात "सरांचं पोर्ट्रेट पाहिजे, आठ दिवसांत" असे फोन येतात. तुमच्याकडे तीन आठवड्यांना एक चित्र होत असेल, तर मेसाठीचं बुकिंग एप्रिलच्या सुरुवातीलाच बंद करा. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराईच्या भेटी सुरू होतात. श्रावणात मंडळांची कामं येतात. मंडळाचं काम घेताना अध्यक्षांच्या शब्दावर न थांबता खजिनदाराकडून उचल घ्या आणि एकच माणूस निर्णय देईल हे इथेही पक्कं करा.

पावसाळ्यात तैलरंग वाळायला जास्त वेळ घेतात. जुलै-ऑगस्टची तारीख देताना ते धरा. पेन्सिल आणि चारकोलच्या चित्राला माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) लावून काच कागदापासून सुटी ठेवायला फ्रेमवाल्याला सांगा, नाहीतर दमट हवेत कागद काचेला चिकटतो आणि बुरशी धरतो.

६. हक्क कुणाचे, हे लिहून ठेवा

बहुतेक चित्रकारांना हे माहीत नसतं. प्रताधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम १७ नुसार चित्राचा पहिला हक्कदार साधारणपणे चित्रकार असतो. पण मोबदला घेऊन, दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलेल्या रंगचित्राचे किंवा व्यक्तिचित्राचे हक्क, वेगळा करार नसेल तर, सांगणाऱ्याकडे जातात. चित्रकार म्हणून तुमचं नाव लावण्याचा अधिकार कलम ५७ खाली तुमच्याकडेच राहतो.

घरगुती चित्रात याने फारसं बिघडत नाही. पण मंडळाने पावती पुस्तकासाठी गणपतीचं चित्र घेतलं आणि मग तेच टी-शर्टवर, फ्लेक्सवर, पुढच्या वर्षीच्या पत्रिकेवर छापलं, तर तुम्ही काही म्हणू शकणार नाही. म्हणून ऑर्डरच्या मेसेजमध्ये एक ओळ घाला: 'प्रताधिकार चित्रकाराकडे राहतील, हे चित्र फक्त अमुक कामासाठी वापरता येईल.' मोठं काम असेल तर सहीचा कागदच करा. चित्राचा फोटो तुम्ही तुमच्या पानावर टाकू शकता का, हेही विचारा. गेलेल्या माणसाचा चेहरा घरच्यांना न विचारता टाकणं योग्य नाही, मग कायदा काहीही म्हणो.

७. कर

पगाराबरोबर व्यवसायाचं उत्पन्न आलं की प्राप्तिकर विवरणपत्राचा आयटीआर-१ हा साधा फॉर्म भरता येत नाही, आयटीआर-३ किंवा आयटीआर-४ लागतो. एक वेगळं बचत खातं उघडा आणि ऑर्डरचे सगळे पैसे यूपीआयने तिथेच घ्या. हिशेबाची वही आपोआप तयार होते. कंपनी किंवा संस्थेने पैसे देताना टीडीएस (आधीच कापून घेतलेला कर) कापला तर तो प्राप्तिकर खात्याकडच्या तुमच्या वार्षिक करपत्रकात (२६एएस) दिसतो, तो तपासा. टीडीएस वजा जाता वर्षाचा कर दहा हजार किंवा त्याहून जास्त निघणार असेल तर आगाऊ कर भरावा लागतो.

गृहकर्जामुळे जुनी करप्रणाली घेणाऱ्यांनी एक गोष्ट आधी बघावी. फक्त पगार असताना दरवर्षी प्रणाली बदलता येते. व्यवसायाचं उत्पन्न असेल तर नवी सोडून जुनी घेतल्यावर नव्यात परतायची संधी एकदाच मिळते, आणि त्यानंतर ते उत्पन्न असेतो पुन्हा जुनी घेता येत नाही. चाळीस हजारांच्या कमाईसाठी हा बदल परवडतो का, हे सीएकडून आकड्यांत काढून घ्या. सेवांसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला वीस लाख आहे, त्यामुळे बहुतेकांना ती चिंता नाही. महाराष्ट्राबाहेर चित्र विकायचं असेल तर मात्र वस्तूंचे नियम वेगळे आहेत, तेव्हाही सीएला विचारा.

८. ठरावीक मुदत घालून करा, मग ठरवा

लेखी परवानगी मिळाली, तास आणि दर ठरले, की दिवाळीनंतर सुरू करून मेअखेरपर्यंत एक हंगाम करा. एका वेळी एकच ऑर्डर हातात, पुढच्यांची नावं यादीत. घरच्यांना ही मुदत आधी सांगा, कारण तुमच्या संध्याकाळी त्यांच्याही होत्या.

हंगाम संपल्यावर वही उघडा. तासाला प्रत्यक्ष किती पडले? ठरलेली तारीख किती वेळा चुकली? नोकरीत काही राहून गेलं का, रजा चित्रासाठी टाकावी लागली का? मान आणि डोळे कसे आहेत? आणि या काळात स्वतःसाठी एखादं तरी चित्र काढलं का? माझ्या मते शेवटचा प्रश्न पैशाच्या बरोबरीचा आहे. ऑर्डरचा हात सफाईदार होतो हे खरं, पण तो जे विकलं जातं तेच पुन्हा पुन्हा काढतो. वहीत स्वतःचं काहीच सापडलं नाही, तर पुढच्या हंगामात ऑर्डर निम्म्या करा आणि सुटलेले तास स्वतःच्या चित्राला द्या.

ऑर्डर झेपत नाहीत पण जोडउत्पन्न हवं आहे, असं दिसलं तर दुसरे मार्ग आहेत. राज्याच्या कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट ग्रेड परीक्षांना बसणाऱ्या मुलांसाठी रविवारचा क्लास चालतो. त्याची वेळ ठरलेली असते आणि काम घरी येत नाही. फक्त शिक्षकांनी आपल्या सेवानियमांत खासगी शिकवणी बसते का, ते आधी बघावं. किंवा आधी स्वतःच्या मनाचं चित्र काढा आणि मग ते विकायला ठेवा. त्यात पैसे उशिरा येतात, पण फेटा बांधा म्हणून कुणी सांगत नाही.

थांबायचं ठरलं तर हातातली ऑर्डर पूर्ण करा. सुरू न केलेल्यांची उचल फोन करून त्याच आठवड्यात परत करा, श्राद्धाची किंवा समारंभाची तारीख ठरलेल्या घरांना सगळ्यात आधी, म्हणजे त्यांना दुसरीकडे जायला वेळ मिळेल. नंतर विचारणाऱ्यांना "सध्या घेत नाही" एवढंच सांगा, आणि गावातल्या दुसऱ्या चित्रकाराला विचारून त्याचा नंबर द्या.